बाबलीमामाची माळ

"उतरली गो, उतरली! कावीळ उतरली!"

बाबलीमामाच्या अंगणात एकच गलका झाला. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यांवरून माना उंच करू लागले. एक म्हातारी नीट दिसावं म्हणून पडवीच्या पायरीवर चढली आणि खाली उतरायलाच तयार होईना. मधोमध आचऱ्याकडचा एक तरुण उघड्या अंगाने उभा होता. मागल्या बुधवारी त्याच्या डोक्यावर टोपीसारखी घट्ट बसवलेली हिरव्या काड्यांची माळ आज त्याच्या बेंबीपर्यंत लोंबत होती. ती कोणी ओढली नव्हती, तिला कोणी काही जोडलं नव्हतं. आपोआप वाढली होती.

मामाने डोळे मिटले, माळ दोन्ही हातांत धरली आणि खर्जातला सूर लावला. "काविळी, पिवळ्या बायो! डोळ्यांत बसलंस, डोळे सोड. काळजात बसलंस, काळीज सोड. माळेच्या शिडयेन पायरी पायरी खाली उतर आणि दर्यात बुडान मर!"

जणू कावीळ म्हणजे माडावर चढून बसलेली आणि खाली यायची वाट न सापडलेली कोणी बाई! पण हसायचं कोणाला सुचत नव्हतं. मामाने माळ तरुणाच्या कमरेवरून, गुडघ्यांवरून खाली सारली, त्याला तिच्यातून बाहेर पाऊल टाकायला लावलं आणि ती काठीच्या टोकावर उचलून समुद्राकडे पाठवली. उतरलेली माळ त्याच दिवशी दर्यात जायची. तिची गाठ कोणी सोडायची नाही, असा मामाचा सक्त नियम होता.

मग दर बुधवारचा शेवटचा भाग. मामा घराकडे वळून हाक मारी, "अगो, भायर ये!" आणि राधामामी पदर सावरत दारात येऊन उभी राही.

"ही बघा माझी बायल. हळकुंडासारखी पिवळी झाली होती. माळ घातलंय, माहेराक धाडलंय, परत इली ती अशी!"

लोक हात जोडत. मामी मान खाली घालून आत जाई.

रांगेतल्या माणसांना पाणी द्यायला प्रेमलता तिथे असायची. तिला या अंगणाचा केवढा अभिमान होता! आईबाप पटकीने गेले तेव्हा ती चालायला शिकत होती. बाबलीमामाने तिला खांद्यावर टाकून या घरात आणलं, वाढवलं, लग्न करून दिलं. मामा तरुणपणी जाळी विणायचा. मच्छीमाराच्या घरातली पोर म्हणून त्याने तिलाही सुताच्या सगळ्या गाठी शिकवल्या होत्या. ओढली की आवळणारी निरगाठ, ओढली की सुटणारी सुरगाठ, आणि सरकती ठेवायची ती फासाची गाठ. काविळीच्या माळेबद्दल मात्र मामा पैशाला शिवत नसे. देवापुढे एक नारळ ठेवायचा, बस. पैसे न घेणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असा गावाचा साधा हिशेब होता, आणि प्रेमलतेचाही तोच.

शिवाय जुन्या औषधांवर तिचा विश्वास बसलेलाच होता. सासरी सासू यमुनाबाई घरातलं सगळं दुखणंखुपणं स्वतःच बघत. ताप आला की उकड्या तांदळाची मऊ पेज. जेवण पचेनासं झालं की सोलकढी. कापलं-खरचटलं की हळद. माणसं बरी होत. मग पेज काय, हळद काय आणि मामाची माळ काय, प्रेमलतेच्या मनात सगळं एकाच टोपलीत पडलेलं होतं.

गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता, होड्या पाण्यात गेल्या होत्या, आणि प्रेमलतेचा नवरा दत्ताराम एकदा समुद्रावरून परतला तो दोन माणसांच्या आधाराने. उजव्या बरगडीखाली अशी कळ आली होती की तो होडीतच दुमडून बसला होता. दोन-चार दिवसांत डोळे पिवळे झाले. अंगाला एवढी खाज सुटली की तो नारळाच्या खरखरीत सोडणाने पाठ घासू लागला.

दत्ताराम कोणाच्या सांगण्याची वाट बघणारा नव्हता. तो बायकोला घेऊन सरळ मालवणला डॉक्टर तेंडोलकरांकडे गेला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, शौचाचा रंग विचारला, पापण्या ओढून डोळे बघितले आणि खुर्ची जवळ घेतली.

"ही नेहमीची पावसाळ्यातली कावीळ दिसत नाही. पित्ताच्या नळीत खडा अडकला असावा असं वाटतं. हे माझ्या हातातलं काम नाही. मिरजेला न्या. शस्त्रक्रिया लागेल. आणि बाई, उशीर करू नका."

कापायचं! प्रेमलतेने नवऱ्याचा हात घट्ट धरला. घरी येऊन सांगितलं तेव्हा यमुनाबाई कपाळाला हात लावून बसल्या. "अगो, पोट कापून कोण जगता? तुझो मामा काय मेलो? आधी तेका दाखव!"

दत्ताराम म्हणाला, "आये, माका मिरजेकच जावंदे."

पण रडायला दोन बाया होत्या आणि नको म्हणणारा एकटा, तोही दुखण्याने अर्धा झालेला. प्रेमलतेने त्याचे पाय धरले. "माझ्यासाठी एकदा तरी मामाकडे चला. तो माका फसवचो नाय."

तो गेला. नेमका बुधवार होता, अंगण माणसांनी भरलं होतं. मामाने भाचजावयाला पुढे घेतलं, त्याचे डोळे बघितले.

"पोटात दुखता?"

"हय, उजवीकडे. डॉक्टर म्हणता खडो अडाकलो आसा. मिरजेक जा म्हणता."

मामाचा हात दत्तारामच्या पोटावर होता तो तिथेच थांबला. त्याने दाराकडे बघितलं. दारात राधामामी उभी होती. पुढे कितीतरी दिवस प्रेमलतेला तो थांबलेला हात आठवत राहिला, पण त्या वेळी तिला वाटलं, मामा मंत्र आठवतोय. शंभर डोळे मामाकडे लागले होते. मामाने हात काढला आणि माळ उचलली.

"मिरजेक जावक माझी ना नाय. पण आधी माळ उतरांदे. अंगात कावीळ आसताना सुयो टोचल्यानी, कापल्यानी, तर ती रक्तात कोंडता. मगे कोणाक आयकना नाय." मग प्रेमलतेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "पोरी, घाबरा नको. मी आसंय मां."

माळ वाढली. कपाळावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर. यमुनाबाईंनी ग्रामदेवतेला ओटी भरली. डोळे मात्र पिवळेच होते, उलट जरा गडदच दिसत. मामा येऊन म्हणाला, "कावीळ गेली, नुसतो रंग मागे रवलो. माळ पोटार इली मां? आता तेका रोजच्यासारखा जेवक दी." मधल्या काळात कळही थोडी थांबली होती. प्रेमलतेने आनंदाने बांगडा तळला. दत्तारामने एकच तुकडा खाल्ला, तिचं मन राखायला.

त्यानंतर थंडी वाजून ताप भरला तो उतरेना. दत्ताराम भ्रमात होडी वल्हवू लागला. आता कोणी मामाला विचारलं नाही. शेजाऱ्यांनी लाकडं नेणाऱ्या ट्रकमध्ये जागा केली, त्यात गवत टाकून त्याला निजवलं आणि मिरजेच्या वाटेला लागले. माळ काढून घरातल्या खुंटीला टांगली होती, ती समुद्रात टाकायची राहून गेली. फोंड्याचा घाट सुरू व्हायच्या आधीच ट्रक थांबवावा लागला. दत्ताराम गेला होता.

बाराव्याला मामा आला. रडला, अगदी मनापासून रडला. आणि जमलेल्या माणसांत कोणीतरी हळूच विचारलं, "माळ तर उतारली होती, मगे असा कसा झाला?" तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "पथ्य मोडला. तेलातला खाल्ल्यान."

प्रेमलता दाराआड बसली होती. तिने मान वर केली. रोजचं जेवण द्यायला कोणी सांगितलं होतं? तिने मामाकडे बघितलं. मामाने नजर दुसरीकडे वळवली. तिला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं असेल. मामा कसा खोटं बोलेल?

पण यमुनाबाईंनी ते वाक्य उचललं ते उचललंच. चुलीपाशी, विहिरीवर, आल्यागेल्यासमोर तेच. "हिच्या हातच्या बांगड्यान माझो झील खाल्लो." प्रेमलता उलटून एक शब्द बोलत नसे. रोज पहाटे परसातल्या भाजीच्या तुकड्याला पाणी घालायची, दुपारी लोकांची फाटकी जाळी सांधायची, आणि मनात तो एक तुकडा परत परत तळायची.

थंडी पडू लागली तेव्हा राधामामी कंबर धरून अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. मामा बाजाराला गेला होता. प्रेमलतेने पाणी तापवलं, मामीला पाटावर बसवून न्हाऊ घातलं. पाठ चोळता चोळता पुढे हात गेला आणि बरगडीखाली बोटांना काहीतरी लागलं. लांब, तिरका, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा असलेला वण.

"मामी, ह्यो वण कसलो?"

"काय नाय गो. पडलंय होतंय."

"पडल्यार असो शिवलेलो वण येता?"

मामीने अंगावरचं पाणी निपटलं. तांब्या बाजूला सारला. मग एकाएकी तिने ओल्या हातांनी प्रेमलतेचे दोन्ही हात धरले.

"मिरजेचो. माझ्याय नळयेत खडो होतो. माळ कमरेर इली, पण डोळे पिवळेच. मगे तुझ्या मामान माका गाडयेत घातल्यान आणि मिरजेक घेवन गेलो. माहेराक धाडलंय म्हणान सगळ्यांका सांगल्यान."

"दर बुधवारी तुका दाखयता, ती तू माळेन बरी झालंस नाय?"

"नाय गो बाय."

 प्रेमलतेने विचारलं, "हे आजारी पडले तेव्हा मामाक ठावक होता?"

"पोटाक हात लावल्यार कळला तेका. मी तेका म्हटलंय, निदान आपल्या पोरीक तरी सांग. तर म्हणाक लागलो, आज एकाक सांगलंय तर उद्या माळेक कोण इचारतलो?"

प्रेमलतेने मामीचं अंग पुसलं, लुगडं नेसवलं, केस विंचरले. हातचं काम अर्धं टाकायची तिला सवय नव्हती. मग ती घरी आली. तिला रडू येत नव्हतं. वाटत होतं, एखाद्या घरात आपण वाढलो आणि आज कोणीतरी दाखवलं की त्या घराच्या पायाखाली नुसती वाळू आहे. मामाने परक्याला फसवलं असतं तर तिने कदाचित त्याचीच बाजू घेतली असती. पण त्याने कोणाला फसवलं? ज्या पोरीला खांद्यावर बसवून समुद्र दाखवला, तिला!

खुंटीवर माळ होती तशीच लोंबत होती.

प्रेमलतेने ती काढली आणि उन्हात ओट्यावर घेऊन बसली. गाठ सोडायची नाही, हा नियम. तिने पहिलीच गाठ सोडली. जाळ्याची गाठ ओळखायला तिच्या बोटांना डोळे लागत नव्हते. ही मामाच्या हातची सरकती गाठ होती, त्यानेच शिकवलेली. एकच लांब दोरा, आणि त्याच्या प्रत्येक फासात एक एक काडी. काड्या विहिरीकडच्या कुंपणातल्या झुडपाच्या, ओल्या असताना रसाने भरलेल्या, जाडजूड. आता वाळून गवतासारख्या बारीक झाल्या होत्या आणि फास त्यांच्याभोवती सैल लटकत होते.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. ओल्या काडीभोवती बोटभर दोरा गुंडाळला जातो. काडी वाळते, आकसते, फास सैल पडतो, आणि गुंडाळलेला दोरा सरकून माळेच्या लांबीत येतो. एका काडीचा थोडासाच. पण काड्या ओळीने कितीतरी, आणि सगळ्यांचा दोरा मिळून डोक्यावरची माळ बेंबीपर्यंत जाते. माणसाच्या अंगातली कावीळ तिला माहीतसुद्धा नसते.

तरी तिने घाई केली नाही. उठली, कुंपणातून ओल्या काड्या आणल्या आणि दोन माळा बांधल्या. एक मामाच्या सरकत्या गाठीची. दुसरीत तिने प्रत्येक काडी निरगाठीने पक्की बांधली. परसातल्या भाजीत पाखरांसाठी बुजगावणं उभं केलेलं होतं. आडव्या-उभ्या बांबूवर दत्तारामचा फाटका सदरा आणि वर उपडं मडकं. दोन्ही माळा तिने त्या मडक्यावर घट्ट बसवल्या.

यमुनाबाईंना वाटलं, सून खुळी झाली. पण ऊन लागत गेलं, वारा माळा हलवत राहिला, आणि पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच परसात जाऊन उभ्या राहू लागल्या. एक माळ मडक्याच्या कपाळावरच होती. दुसरी खाली घसरली, बांबूच्या खांद्यांवर आली, आणि मग सदऱ्याच्या पोटावर.

मधल्या एका दिवशी प्रेमलता सोडलेली माळ पदरात बांधून मालवणला डॉक्टर तेंडोलकरांकडे जाऊन आली. तिला एकच गोष्ट कळत नव्हती. माळ खोटी, तर एवढी माणसं बरी कशी होतात?

"कारण ती बरी होणारच असतात," डॉक्टर म्हणाले. "घाण पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची विश्रांतीने आणि हलक्या जेवणाने आपोआप ओसरते. माळ घाला, नाहीतर घालू नका. पण नळीत खडा असेल, तर माळ वाढते आणि माणूस आतून सडत जातो. बाहेरून दोन्ही पिवळेच दिसतात. म्हणून तपासायचं."

"आमच्या सासूबाई पेज देतात आजाऱ्याला. तेही खोटंच?"

"छे! पेज चांगलीच. मीही तेच सांगतो. जुनं आहे म्हणून सगळं टाकायचं नसतं, बाई. तपासून घ्यायचं असतं."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "डॉक्टर, मी त्यांना तळलेला बांगडा दिला होता. एक तुकडा. त्याने गेले का ते?"

 डॉक्टर म्हणाले, "तेलकटाने कळ येऊ शकते. जीव जात नाही. जीव नळीतल्या खड्याने गेला, आणि उशिराने."

परतीच्या वाटेवर ती एका माडाखाली बसली आणि दत्ताराम गेल्यानंतर पहिल्यांदा मोकळी रडली.

पुढच्या बुधवारी मामाचं अंगण नेहमीसारखं भरलं होतं. कुणकेश्वराकडचा शिवा नावाचा एक शेतकरी आपल्या लहान मुलीला, सीताला, कडेवर घेऊन आला होता. पोरीचे डोळे लिंबासारखे पिवळे. मामाने तिच्या डोक्यावर माळ बसवली आणि "काविळी, पिवळ्या बायो" सुरू केलं, तोच मागे हशा पिकला. प्रेमलता बुजगावणं खांद्यावर घेऊन अंगणात आली होती. तिच्या मागे यमुनाबाई होत्या.

तिने बुजगावणं मधोमध जमिनीत रोवलं.

"मामा, ह्येका कावीळ झाली होती. उतारली काय, तुमी बघा."

लोक हसले. मामा हसला नाही. जन्मभर 'तू' म्हणणारी भाची आज 'तुमी' म्हणाली होती, ते त्याला बरोबर लागलं.

"प्रेमा, ह्या काय? घोवाच्या दुःखान तुझा डोक्यां फिरला."

"फिरला आसात. पण मडक्याचा नाय फिराक." ती लोकांकडे वळली. "दोन माळो बघा. काडयो एका झुडपाच्यो, डोक्यां एक, ऊन एक. ही निरगाठीची, कपाळार रवली. ही मामांच्या गाठीची, पोटार इली. आता माका सांगा, मडक्याची अर्धी कावीळ उतारली आणि अर्धी रवली?"

"मंत्र म्हटलंस?" पायरीवरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"नाय. रोज भाजयेक पाणी घालताना तेका शिवी घालीत होतंय."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी वेगळा. प्रेमलतेने माळ खाली ओढून एक फास सोडला, वाळकी काडी आणि सैल दोरा हातावर घेऊन पुढच्या माणसांना दाखवला. जाळी विणणारी माणसं होती ती. एकाने माळ हातात घेतली, दुसऱ्याने दोरा ओढून बघितला, आणि कुजबुज मागेपर्यंत गेली. "अरे, ही तर सरकती गाठ!"

मामा ओरडला, "मगे लोक बरे कशे होतत? माझी बायल कशी बरी झाली? इचारा तिका! अगो, भायर ये!"

सवयीने हाक मारली आणि मारताच तो थांबला. पण मामी दारात आली होती. ती पायऱ्या उतरून अंगणात आली, एवढ्या लोकांसमोर तिने बाजूचा पदर थोडा सारला आणि वणावर बोट ठेवलं.

"मी मिरजेक कापून बरी झालंय. माळेन नाय. ह्येंका ठावक आसा."

कोणी हसलं नाही.  यमुनाबाई सुनेचा हात धरून एवढंच म्हणाल्या, "आणि मी तुका बोलत रवलंय गो."

शिवाने पोरीच्या डोक्यावरची माळ काढली. "बाय, माझ्या चेडवाची कावीळ साधी काय खड्याची?"

"माका ठावक नाय," प्रेमलता म्हणाली. "कोणाकच नुसत्या डोळ्यांनी कळाचा नाय. म्हणानच डॉक्टराकडे ने. आजच ने."

तो गेला. त्याच्यामागे एक एक करून अंगण रिकामं झालं. मामा पायरीवर बसला होता. पाण्याबाहेर ओढलेल्या होडीसारखा तो एका बाजूला कलला होता.

"माका तुका सांगूक होया होता," तो म्हणाला. "पण एवढे लोक बघीत होते, प्रेमा."

"लोकांफुडे नको होता सांगूक. माझ्या कानात एक शब्द टाकूचो होतो. 'जा' म्हणान."

"मी तुका पोटच्या पोरीसारखी वाढवलंय."

"होय. म्हणानच मी तुमका काय इचारूक नाय. परक्या माणसाक मी दहा सवाल केले असते."

ती सासूला घेऊन निघून गेली. त्यानंतर त्या घराची पायरी ती पुन्हा चढली नाही. मामी मात्र तिच्याकडे येत राहिली.

सीता बरी झाली. तिची कावीळ साधीच होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, पाणी उकळून प्यायला सांगितलं, आणि पेज. तरी कुणकेश्वराकडे काही माणसं म्हणत राहिली की मामाची माळ घटकाभर का होईना डोक्यावर बसली होती, तिचाच तो गुण! मामाचं अंगण काही महिने ओस पडलं आणि मग लांबच्या गावांतून, ज्यांनी बुजगावणं बघितलं नव्हतं, अशी चार माणसं पुन्हा येऊ लागली. खोटं असं एका दिवसात मरत नाही.

म्हणून वाचकहो, सांगायचं ते एवढंच. घरातली पेज द्या, सोलकढी द्या, आजीचा काढाही द्या, पण प्रत्येक उपायाला एक साधा प्रश्न विचारा. हा केला नसता तर काय झालं असतं? आणि दुखणं हटत नसेल तर वेळ न घालवता डॉक्टर गाठा. हा प्रश्न परक्याला विचारणं सोपं असतं. ज्याने आपल्याला मांडीवर घेतलं, ज्याच्यासमोर मान वर करायची सवय नाही, त्यालाच तो विचारायचा राहून जातो, आणि नेमका तिथेच घात होतो. प्रेमाच्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे त्याचा अपमान नव्हे. ज्याचं औषध खरं आहे तो रागावणार नाही. आणि जो रागावेल, त्याच्या दारातून आपलं आजारी माणूस उचला आणि निघा.